जलचक्र आणि वाफेचे इंजिन : अठराव्या शतकातील एक संयोग

वाफेचे इंजिन आले आणि जलचक्र मागे पडले, असा सरळ क्रम औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात बहुधा मांडला जातो. अठराव्या शतकातील इंग्लंडचा अनुभव या मांडणीला छेद देणारा आहे. तेथे अनेक ठिकाणी ही दोन साधने परस्परांची स्पर्धक नव्हती, तर एकाच यंत्रणेचे दोन भाग होती.

थॉमस सेव्हरी याने १६९८ मध्ये आपल्या यंत्राचे एकस्व घेतले, तेव्हा पाणी उपसण्याबरोबरच गिरण्यांना गती देण्याचाही उल्लेख त्यात होता. १७१२ मध्ये डडलीजवळ उभारलेले थॉमस न्यूकमेनचे इंजिन खाणीतील पाणी उपसण्यासाठी होते. सिलिंडरमधील वाफ थंड पाण्याने निववली की निर्वात निर्माण होई आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. जोर एकाच दिशेने आणि तोही धक्क्याधक्क्याने मिळे. पंपाला तो पुरेसा होता. चाक फिरविण्यास निरुपयोगी.

या संयोगाचे महत्त्व श्रॉपशायरमधील कोलब्रुकडेल येथे स्पष्ट दिसते. तेथील झोतभट्ट्यांचे भाते जलचक्रांवर चालत. उन्हाळ्यात ओढा आटला की भाते थांबत, आणि एकदा विझलेली भट्टी पुन्हा पेटविणे हे खर्चाचे व जिकिरीचे काम होते. दुसऱ्या अब्राहम डार्बीने १७४२-४३ मध्ये तेथे न्यूकमेनचे इंजिन बसविले. चाकावरून खाली गेलेले पाणी ते पुन्हा वरच्या तळ्यात चढवी आणि तेच पाणी पुन्हा चाकावर पडे. इंधनातील ऊर्जेचा सुमारे शंभरावा भागच या इंजिनाला वापरता येत असे. अर्थात, कोळसा दाराशीच निघत असल्याने हा अपव्यय परवडणारा होता.

यास केवळ तात्पुरती तडजोड म्हणणे अन्यायाचे ठरेल. जलचक्रांवरील प्रयोग १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडणारा जॉन स्मीटन हा न्यूकमेनच्या इंजिनाचाही जाणकार सुधारक होता. १७८१ मध्येही त्याचे मत असे होते, की वरखाली हलणाऱ्या तुळईपासून मिळणारी चक्राकार गती पाण्याच्या अखंड धारेइतकी एकसारखी असू शकत नाही. दळण आणि सूतकताई यांना नेमकी हीच एकसारखी गती हवी होती. मँचेस्टरमधील शुडहिल येथे आर्कराइटच्या सूतगिरणीतही १७८० च्या दशकाच्या आरंभी इंजिनाने पाणी चढवून चाक फिरविण्याचीच योजना होती.

जेम्स वॉटचे सूर्य-ग्रह दंतचक्र (१७८१) आणि दट्ट्याला दोन्ही बाजूंनी जोर देणारे इंजिन (१७८२) यांनी स्मीटनचा आक्षेप हळूहळू निकालात काढला. १७८६ मध्ये लंडनची ॲल्बियन पिठाची गिरणी जलचक्राविना सुरू झाली. तथापि वॉटचे स्वतःचे प्रायोगिक इंजिनही बर्मिंगहॅमजवळील सोहो कारखान्यात आणल्यावर प्रथम चाकाचे पाणी परत चढविण्याच्याच कामी लावले गेले होते. कोलब्रुकडेलनेही जुने इंजिन काढून १७८१-८२ च्या सुमारास बोल्टन आणि वॉट यांचे नवे इंजिन घेतले, ते त्याच कामासाठी.