भयस्मृती आणि सुरक्षिततेची स्मृती

भयस्मृती आणि सुरक्षिततेची स्मृती : धोक्याच्या अनुभवाशी निगडित झालेली खूण पुन्हा आढळताच भीतीची प्रतिक्रिया घडवून आणणारी स्मृती, ती भयस्मृती होय. अमुक खूण असता धोका संभवत नाही, ह्या अनुभवातून होणारे शिक्षण म्हणजे सुरक्षिततेची स्मृती. मूळ खुणेशी साम्य असलेल्या इतर गोष्टींचीही भीती वाटू लागणे, ह्यास भीतीचे सामान्यीकरण म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ह्या म्हणीत त्याचे नेमके वर्णन आले आहे. ह्या दोन स्मृती समबल नाहीत. भीती सहज पसरते, सुरक्षितता मात्र ती जेथे शिकली गेली तेथेच बहुधा अडकून राहते, हा विसाव्या शतकातील संशोधनाचा प्रमुख निष्कर्ष होय.

ह्या अभ्यासाचा पाया रशियन शरीरक्रियावैज्ञानिक इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) ह्याने घातला. एका उद्दीपकाशी जोडलेली प्रतिक्रिया त्यासारख्या अन्य उद्दीपकांनाही मिळते आणि साम्य कमी होत जाईल तशी ती क्षीण होते, असे त्याला कुत्र्यांवरील प्रयोगांत आढळले. उद्दीपकामागून काहीच घडेनासे झाले, की प्रतिक्रिया थांबते; ह्यास विलोपन म्हणतात. परंतु काही काळ लोटल्यावर ती आपोआप परत येते. त्यावरून विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे, तर मूळ प्रतिक्रियेचे निरोधन होय, असे त्याने प्रतिपादन केले.

माणसाच्या भीतीवरील प्रसिद्ध प्रयोग १९२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन (१८७८–१९५८) व त्याची सहकारी रोझाली रेनर ह्यांनी बाल्टिमोर येथे केला. आल्बर्ट ह्या नावाने नोंदलेल्या सु. अकरा महिन्यांच्या बालकाने पांढऱ्या उंदराला हात लावताच त्याच्यामागे पोलादी कांबीवर हातोडा मारण्यात येई. अशा थोड्याच अनुभवांनंतर तो नुसत्या उंदराला पाहून रडू लागला. पुढे ससा, कुत्रा व केसाळ कोट ह्यांनाही तो भिऊ लागला. लाकडी ठोकळ्यांशी मात्र तो निर्धास्तपणे खेळे. ही भीती घालविण्यापूर्वीच बालकाला रुग्णालयातून नेण्यात आले. एकाच बालकावर केलेल्या ह्या प्रयोगाचे शास्त्रीय मोल मर्यादित आहे आणि नैतिक दृष्ट्या तो निषेधार्ह ठरला आहे.

उलट दिशेचा प्रयत्न १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स हिने केला. सशाला भिणारा पीटर नावाचा मुलगा आवडीचे खाद्य खात असता तिने ससा क्रमाक्रमाने त्याच्या जवळ आणला. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. जोझेफ वोल्पे (१९१५–९७) ह्या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञाने, विजेचा धक्का बसलेल्या मांजरांना प्रथम मूळ खोलीशी अल्प साम्य असलेल्या आणि नंतर अधिकाधिक साम्य असलेल्या खोल्यांत खाऊ घातले. ज्या साम्याच्या वाटेने भीती पसरते, त्याच वाटेने तिला मागे नेता येते, हे त्याने दाखविले. १९५८ च्या आपल्या ग्रंथात त्याने ह्या तत्त्वावरील उपचारपद्धती मांडली.

मेंदूतील यंत्रणेचा उलगडा मुख्यतः १९८० नंतर झाला. जोझेफ लेडू व त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की ध्वनीची भीती शिकण्यास प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील श्रवणक्षेत्र अनिवार्य नसते. थॅलॅमसमधून बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला ह्या भागाकडे थेट जाणारा मार्ग पुरेसा असतो. हा मार्ग जलद, पण स्थूल आहे. घटनेचे स्थळ व प्रसंग ह्यांची नोंद हिप्पोकँपस हा भाग करतो. १९९५ मध्ये अँटॉइन बेशारा व सहकाऱ्यांनी ह्या दोन भागांच्या कार्यांतील भेद माणसांत दाखविला. कोणत्या खुणेनंतर कर्कश भोंगा वाजतो, हे अमिग्डालाला इजा झालेली व्यक्ती सांगू शके. परंतु तिच्या त्वचेची विद्युत्‌प्रतिक्रिया वाढत नसे. हिप्पोकँपसला इजा झालेल्या व्यक्तीत नेमके ह्याउलट घडले.

विलोपनाचे स्वरूपही स्पष्ट झाले. एका ठिकाणी विलोपन झालेली भीती दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उद्भवते, असे मार्क बाउटन ह्याच्या १९७९ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले. २००२ मध्ये मोहम्मद मिलाद व ग्रेगरी क्वर्क ह्यांना असे आढळले, की विलोपन झालेली खूण आठवणीत येताना उंदरांच्या ललाटखंडातील मध्यवर्ती बाह्यकाच्या एका भागातील तंत्रिका कोशिका सक्रिय होतात. सुरक्षितता ही भीतीची पुसलेली पाटी नसून, तिच्या शेजारी लिहिलेली वेगळी नोंद होय, ह्या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली.

ह्या विषमतेमागे उत्क्रांतीचा हिशेब असावा. काठीला साप समजणाऱ्याचा एक क्षण वाया जातो. सापाला काठी समजणारा प्राणास मुकू शकतो. परंतु सामान्यीकरण प्रमाणाबाहेर गेल्यास तोच गुण व्याधी बनतो. श्मूएल लिसेक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीव्र भयझटके येणाऱ्या रुग्णांची भीती धोक्याच्या वर्तुळाहून वेगळ्या आकाराच्या वर्तुळांपर्यंत निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक दूर पसरलेली आढळली. आघातोत्तर ताणविकृतीतही सुरक्षित परिसरातील साधा आवाज जुना प्रसंग जागा करतो.

म्हणूनच दवाखान्यात निर्भय झालेला रुग्ण घरी जाताच पुन्हा भयग्रस्त झाला, तर तो उपचार फसल्याचा अथवा त्याच्या मनोदौर्बल्याचा पुरावा मानणे योग्य नव्हे. सुरक्षिततेची खूण त्याने एकाच जागी शिकलेली असते. तिचा अनुभव निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी व पुनःपुन्हा द्यावा लागतो, हा ह्या संशोधनाचा व्यावहारिक बोध होय.