पाटणचा निकुंभ राजा सोइदेव व त्याच्या दानाचा काल

खानदेशच्या इतिहासांत मोठ्या राजांची वाण नाहीं. परंतु देवगिरीचे यादव आणि थाळनेर-बऱ्हाणपूरचे फारुकी यांच्या तेजापुढें जे लहान राजे झांकले गेले, त्यांच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणचा निकुंभवंशीय सोइदेव हा त्यांपैकीं एक होय. त्याच्यासाठीं कोणीं बखर लिहिली नाहीं. त्याची सारी ओळख एका शिळेवर उभी आहे. त्या शिळेवरील शकाचा आंकडा जसाच्या तसा घेतल्यामुळें त्याच्या दानाचें वर्ष अनेक पुस्तकांतून १२०६ असें छापलें जातें. तें १२०७ असें घेतलें पाहिजे, हें दाखविणें हा या टिपणाचा पहिला हेतु. दुसरा हेतु असा कीं, त्याच लेखाच्या शेवटच्या मराठी ओळींकडे वाचकांचें लक्ष वेधावें. कारण या राजाच्या कारभाराचें खरें दर्शन तेथेंच घडतें.

पाटण हें चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशींत आहे. नगर कधींच उजाड झालें. आज चंडिकेच्या देवळावरून लोक त्यास पाटणादेवी म्हणतात, व भोंवतालचें रान गौताळा अभयारण्यांत मोडतें. आमच्या नरडाण्याकडील माणसें नवसाला तेथवर जातात, पण देवीचें दर्शन घेऊन परततात. महादेवाचें जुनें देऊळ बाजूसच राहतें. येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला व १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची वार्ता दिली. पुढें कीलहॉर्न यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत त्याचें साक्षेपी वाचन छापलें.

निकुंभ आपणांस सूर्यवंशी म्हणवीत. पुराणांतील इक्ष्वाकूंच्या वंशावळींत हर्यश्वाचा पुत्र निकुंभ येतो, त्याच्याशीं त्यांनीं आपला धागा जोडला. राजकुळांची ही जुनीच रीत असल्यानें तिच्यावर फार भार टाकण्याचें कारण नाहीं. ऐतिहासिक माणसें लागतात तीं कृष्णराज, गोवन, गोविंदराज, दुसरा गोवन, दुसरा कृष्णराज, इंद्रराज, तिसरा गोवन, सोइदेव व हेमाडिदेव या क्रमानें. पाटणच्या महेश्वराच्या देवळाचा शके १०७५ म्हणजे इ. स. ११५३ चा दुसरा एक लेख आहे. त्याप्रमाणें देवळाचें काम इंद्रराजानें आरंभिलें व तिसऱ्या गोवनानें पुरें केलें. घराणें सोळाशें गांवांचें धनी म्हणवी. इंद्रराजाच्या मागें पुत्र लहान असल्यानें राणी श्रीदेवी हिनें राज्य चालविलें. या देवळास सर्रास हेमाडपंती म्हणतात. पण हेमाद्रि पंडित महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे देवळाहून शंभर वर्षांनीं अलीकडचा. राजा हेमाडिदेव व मंत्री हेमाद्रि यांची गल्लतही कोणीं करूं नये.

लहान नगराचा राजा केवळ त्यानें कोरविलेल्या तिथियुक्त दगडामुळें उरावा, हा प्रकार एकट्या हिंदुस्थानचा नव्हे. मेक्सिकोच्या दक्षिणेस चियापास प्रांतांत पालेंके नांवाचें माया लोकांचें नगर होतें. तेथील राजा किनिच जनाब पाकाल हा इ. स. ६१५ त बाराव्या वर्षीं गादीवर बसला व ६८३ पर्यंत जगला. त्याची आई साक कुक त्यास शिरोभूषण देत आहे, असें चित्र त्याच्या राजवाड्यांतील फलकावर कोरलेलें आहे. श्रीदेवी आणि बाल गोवन यांची आठवण तें पाहून आम्हांस झाली. मायांचे लेखक तर राजाच्या कृत्याबरोबर त्या दिवशीं चंद्र किती दिवसांचा होता हेंही कित्येकदां नोंदीत. म्हणूनच त्यांच्या राजांचा काल आज दिवसापर्यंत बसवितां येतो. आमच्या सोइदेवाच्या बाबतींतही चंद्रच साक्षीस येतो, तो कसा हें आतां पाहूं.

शिळेवर भास्कराचार्यांचें कुळ शांडिल्य गोत्री त्रिविक्रमापासून दिलें आहे. आचार्यांचा जन्म शके १०३६ चा, व सिद्धांतशिरोमणि त्यांनीं शके १०७२ त रचला. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव जैत्रपालानें या नगरांतून नेऊन विद्वानांत अग्रणी केलें; लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. त्यानें आजोबांचे व कुळांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटणांत मठ स्थापिला. त्या मठास सोइदेवानें दान दिलें. लक्ष्मीधराच्या वेळीं कुळ पाटणांत नांदत होतें, एवढें यावरून निश्चित होतें. आचार्यांनीं ग्रंथ येथेंच रचला हें विधान त्याहून निराळें आहे, व अभिमानाच्या भरांत दोन्ही एक करूं नयेत.

दानाचा काल शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण, असा दिला आहे. येथें चार साक्षी आहेत आणि त्यांतील एक बाकीच्या तिघींशीं जुळत नाहीं. प्रभव हा साठ संवत्सरांतील पहिला. दक्षिणेच्या रीतीनें शके १९०९, म्हणजे इ. स. १९८७, प्रभव होता, हें घरांतील जुन्या पंचांगावरून कोणासही ताडून पाहतां येईल. तेथून तेरा आवर्तनें, म्हणजे ७८० वर्षें, मागें गेल्यास शके ११२९ येतो, ११२८ नव्हे. शके ११२८ ची श्रावणी पौर्णिमा १२०६ च्या जुलै महिन्यांत पडते. त्या वेळीं चंद्र आपल्या पातापासून इतका दूर होता कीं ग्रहणाचा संभवच नाहीं. उलट शके ११२९ ची श्रावणी पौर्णिमा ज्युलियन गणनेनें ९ ऑगस्ट १२०७ रोजीं येते, आणि त्या पौर्णिमेस चंद्र पाताच्या अगदीं लगत होता. ग्रहण झालें तें त्या दिवशींचें. संवत्सर, तिथि व ग्रहण हीं तिन्ही एकमुखानें १२०७ सांगत असतां एकट्या आंकड्याचें ऐकणें योग्य नव्हे. आंकडा चालू शकाचा मानावा म्हटलें तर अंतर कमी न होतां आणखी एका वर्षानें वाढतें.

ज्योतिष्यांच्याच मठांत शकाचा आंकडा एकानें चुकावा, हें वाचून कोणासही हंसूं येईल. परंतु दानाचा दिवस आणि दगड कोरण्याचा दिवस एकच असला पाहिजे असें नाहीं. याच लेखांत सोइदेवाच्या मागून आलेला त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव याचेंही नांव आहे. यावरून मूळ दानपत्राची उतरण पुढें शिळेवर करण्यांत आली व त्या उतरणींत फरक पडला, असा आमचा तर्क आहे. तो मान्य झाल्यास आणखी एक गोष्ट ओघानेंच येते. चांगदेवास सिंघणाचा ज्योतिषी म्हटलें आहे, एवढ्यावरून १२०७ त सिंघण गादीवर होता असें सिद्ध करतां येणार नाहीं. तें बिरुद कोरणाऱ्याच्या काळचेंही असूं शकेल. सिंघणाच्या राज्यारोहणाचें वर्ष कोणी १२०० तर कोणी १२१० धरतात. त्या वादांत या शिळेची साक्ष जपून घ्यावी.

आतां मराठी ओळींकडे वळूं. संस्कृत श्लोकांत राजा दानशूर असतोच. कोणता राजा नसतो? पण भाषा बदलतांच लेख पेठेंत उतरतो. पाटणांत जें 'केणें', म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला जें येई तें मठाला दिलें. विकणाऱ्यांकडून ब्राह्मणांना मिळणारें ब्रह्मोत्तर ब्राह्मणांनीं दिलें. दामाचा विसोवा नगरानें दिला. ग्राहकाकडून पांच पोफळी, पहिल्या घाण्याची लोटी, आणि जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. येथें जें मापलें जाईल तें मठाच्याच मापानें मापावें, व मापणावळीचा अर्धा भाग मठाचा, अर्धा मापणाराचा.

हें बारकाईनें वाचणाऱ्यास दिसेल कीं दाते तीन आहेत : राजा, ब्राह्मण आणि नगर. सोइदेवानें खजिन्यांतून मोहरा काढून दिल्या नाहींत. रोजच्या बाजारांतला आपला वांटा त्यानें सोडला, व इतरांनींही आपापला सोडला. बाजार चालेल तोंवर मठ चालेल अशी ही योजना होती. मापाची मक्तेदारी मठाकडे देण्यांत तर फार शहाणपण आहे. माप ज्याच्या हातीं त्याला लबाडीचा मोह. तो अधिकार गणित शिकविणाऱ्यांच्या हवालीं केला. आमच्या बाजार समितींत मापाडी आजही आहे आणि मापाईवरून तंटेही होतात. लेखांतला 'मापहारी' हा त्याचाच पूर्वज होय.

भाषेसंबंधानें एकच सांगतों. लेखांत मठास 'मढ' म्हटलें आहे आणि क्रियापद 'दिन्हला' असें आहे. तें रूप जुन्या मराठींत अन्यत्रही येतें, म्हणून लेख अहिराणींत आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तथापि नरडाण्याच्या आठवडे बाजारांत कोणी 'दी दिन्हं' म्हणालें कीं ही शिळा कानांत बोलल्यासारखी वाटते.

या कुळाची विद्या पाटणांतच थांबली नाहीं. गिरणेकांठच्या बहाळ येथील शके ११४४ (इ. स. १२२२) च्या लेखांत भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपति याचा नातू अनंतदेव भेटतो. तोही सिंघणाचा ज्योतिषी होता, व त्यानें तेथें भवानीचें देऊळ बांधिलें. पाटण व बहाळ मिळून एक विद्यापीठपरिसर डोळ्यांपुढें उभा राहतो.

मठाची वास्तु गेली, परंतु मठांत ज्या पोथ्या शिकविल्या जात त्यांच्या उतरणी खानदेशांतील जोशी घराण्यांच्या दप्तरांत राहिल्या असण्याचा संभव आहे. चाळीसगांव, पाचोरें, भडगांव, पारोळें, अमळनेर, शिंदखेडें या बाजूच्या संग्राहकांनीं आपल्याजवळील सिद्धांतशिरोमणि, लीलावती व करणकुतूहल यांच्या पोथ्यांचीं शेवटचीं पानें काढून पाहावींत. लेखक, गांव, शक व संवत्सर हीं चारही जशीं असतील तशीं, आंकडा व संवत्सर न जुळल्यास न सुधारतां, उतरून मंडळाकडे पाठवावींत. पाटणाचें नांव असलेली एक जरी पुष्पिका निघाली, तरी सोइदेवाच्या दानावर मठ किती काळ चालला हें मोजण्यास पहिलें माप हातीं येईल.