एबनेजर म्हणजे काय?

जुन्नर-आंबेगाव भागातल्या गावांत देवळाजवळ वीरगळ पाहिले असतील. लढताना पडलेल्यांची आठवण जपणारे दगड. बायबलमधला ‘एबनेजर’ही आठवणीचाच दगड, पण तो देवाने केलेल्या मदतीचा. हिब्रूत एबन म्हणजे दगड आणि एजर म्हणजे मदत.

ही गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात येते. एबनेजरजवळच इस्राएली लोक आधी पलिष्ट्यांकडून सपाटून हरले होते, कराराचा कोशही गमावून बसले होते. पुढे मिस्पाजवळ ते जिंकले, तेव्हा शमुवेलाने दगड उभा केला. देवाने इथवर मदत केली, एवढाच त्याचा अर्थ. गंमत ‘इथवर’ या शब्दात आहे. वाट अजून बाकी आहे, म्हणून आठवण काढायची ती पुढे चालण्यासाठी.

याचं ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७४ मध्ये दुष्काळात, उपासमारीत गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांना आपले ते दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातलं केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं.

देवाने आपल्यासाठी काय केलं हे चारचौघांत सांगण्याला ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष देणं’ म्हणतात. रमाबाईंनी आपली साक्ष १९०७ मध्ये लिहिली. आई-वडिलांची उपासमार त्यांनी त्यातून वगळली नाही.