बावीस श्रुती, बारा पट्ट्या आणि घरचा संगणक

१/ घरच्या संगणकावर गाणे बांधू लागले की पडद्यावर बारा पट्ट्यांची एक पेटी उमटते. ही मांडणी तटस्थ वाटते, पण तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे. त्या वादात सांगलीचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर आहेत, एक इंग्रज न्यायाधीश आहेत आणि रत्नागिरीच्या अंगणातली जाखडीही आहे. #इतिहास

२/ युरोपातून आलेल्या हार्मोनियमने सप्तकाचे बारा समान भाग केले. प्रत्येक भाग १०० सेंटचा, म्हणून तिचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर पडतो. तंबोऱ्याच्या खरजातून उमटणारा स्वयंभू गांधार मात्र सुमारे ३८६ वर असतो. फरक १४ सेंटचा, पण तयार कानाला तो खुपतो.

३/ कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियमही घडली. १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली, परंतु सर्वमान्य झाली नाही.

४/ वाद तिथे संपला नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली आणि ती कित्येक दशके टिकली. संगीत नाटकात आणि भजनात मात्र पेटी घट्ट रुजली होती. शास्त्राने नाकारलेले वाद्य लोकांनी सोडले नाही.

५/ १९८३ साली मिडी हे मानक आले. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये आणि संगणक त्यामुळे एकमेकांशी बोलू लागले. मिडी ध्वनी पाठवत नाही. कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली एवढेच कळवते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. दोन क्रमांकांच्या मधल्या श्रुतीला स्वतःचा क्रमांक नाही.

६/ पुढे वेग वाढला. १९८९ साली क्यूबेस आले. १९९६ साली त्याच्या व्हीएसटी आवृत्तीने ध्वनिमुद्रण व मिश्रण घरगुती संगणकात आणले. १९९७ साली बेल्जियममधून फ्रूटीलूप्स (आजचा एफएल स्टुडिओ), २००० साली विनामूल्य ऑडॅसिटी, २००४ साली गॅरेजबँड.

७/ रत्नागिरीत आकाशवाणी केंद्र १९७७ साली सुरू झाले. त्या काळी कोकणातल्या गायकाला चांगले ध्वनिमुद्रण हवे असेल तर केंद्राचे किंवा मुंबईच्या स्टुडिओचे दार ठोठवावे लागे. आता एक माइक, एक साउंड कार्ड आणि हेडफोन एवढ्यावर गावातल्या खोलीत काम भागते.

८/ अडचण लयीतही आहे. गौरी-गणपतीतल्या जाखडीत गायक-वादक मध्ये बसतात, नाचणारे भोवती फेर धरतात आणि रंग चढेल तशी लयही चढते. सॉफ्टवेअर मात्र आरंभीच विचारते : मिनिटाला ठोके किती? एकच आकडा दिला आणि प्रत्येक ठोका चौकटीत ओढून बसवला, तर चढती लय सपाट होते.

९/ उपाय आहेत. लयीचा चढता आलेख हाताने आखता येतो. ठोके चौकटीत न ओढता वादकाने वाजवले तसेच ठेवता येतात. स्वर वाकवण्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्या आहेत; मात्र तो बाक त्या वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदमच लागतो. प्रत्येक स्वराला वेगळी वाहिनी देणारे एमपीई मानक २०१८ साली स्वीकारले गेले.

१०/ म्हणजे देवलांना ज्यासाठी नवी पेटी घडवून घ्यावी लागली, ते आज अनेक सॉफ्टवेअरमध्ये स्वरमांडणी बदलून साधते. पण ती मांडणी कोणी उघडलीच नाही, तर बारा समान पट्ट्याच चालू राहतात. बडोद्याच्या परिषदेत पंडितांपुढे आलेला प्रश्न आता रत्नागिरीच्या एखाद्या खोलीत, हेडफोन लावून बसलेल्या मुलापुढे आहे. यंत्राचा गांधार घ्यायचा की आजीच्या ओवीतला, हे त्याच्या कानाने ठरवायचे आहे. #थ्रेड समाप्त