दूरचे सोबती, जवळचे टीकाकार

मंडळी, आज बोलायचंय ते अभ्यासातल्या सोबत्यांविषयी. सुरुवात आमच्याच एका चुकीने करतो.

आम्ही सात-आठ जण मोबाईलवरून एकमेकांना मोडी कागदांचे फोटो पाठवतो. कुणी नागपूरला, कुणी बेळगावला, एक बाई तंजावरच्या. प्रत्यक्ष भेट क्वचितच. एकदा वसुलीविषयीचं एक जुनं पत्र आलं. शुहूर सनाचा आकडा अरबी शब्दांत लिहीत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आम्ही वाचलं, ‘सलास तिसैन मया व अलफ’. म्हणजे तीन, नव्वद, शंभर आणि हजार : ११९३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९२-९३. महादजी शिंदे तेव्हा पुण्याला आलेले. आम्ही खुशीत!

तंजावरच्या बाईंनी एवढंच विचारलं, “तिथी मार्गशीर्षातली आहे आणि चंद्र रमजानचा. त्या साली रमजान उन्हाळ्यात येतो. मग जमायचं कसं?” हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. शाई फुटली होती. शब्द ‘सबैन’ होता, म्हणजे सत्तर. सन ११७३, इसवी सन १७७२. थोरले माधवराव जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. वीस वर्षांची चूक, आणि आम्ही ती लेखात घालायला निघालो होतो.

अशी दूरची सोबत मोबाईलने आणलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते आणि जदुनाथ सरकार पाटण्याला शिकवत. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं दोन भाषांत विखुरलेली : मोगल दरबारची अखबारं फारसीत, पेशव्यांचं दप्तर मोडीत. एकाला फारसी अवगत, दुसऱ्याला मोडी. टपालाने ओळख वाढली आणि पुढे सुमारे अर्धशतक पत्रं चालू राहिली. सरकारांनी मराठी शिकून घेतली. रियासतकार निवृत्तीनंतर पुण्याजवळ कामशेतला राहिले, तिथे सरकार येऊन मुक्काम करत. या सोबतीतून काय निघालं? १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड, आणि पुढे दोघांच्या देखरेखीखाली निघालेली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालिका. माळव्यातल्या सीतामऊचे राजपुत्र रघुवीरसिंह सरकारांचे शिष्य झाले आणि या गोतावळ्यात आले. त्यांनी त्या लहानशा संस्थानात संशोधकांसाठी मोठा ग्रंथसंग्रह उभा केला.

पण सगळंच गोड नव्हतं. सरकारांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक १९१९ मध्ये आलं, त्यावर पुण्यात कडक टीका झाली. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ घरोघरचे कागद गोळा करत होतं. मराठी कागदांना पुरेसं वजन दिलं नाही, ही त्या बाजूची तक्रार. पुढे दप्तराचं काम सरदेसायांकडे गेलं, तेव्हा आपल्याला बाहेर ठेवलं असं पुण्यातल्या अनेकांना वाटलं. दोन्ही बाजूंकडे कागद होते, दोन्ही बाजूंकडे विद्वत्ता होती; बोलणं मात्र तुटलं. पाटण्याचा माणूस जवळचा झाला आणि पुण्याचे लोक लांबचे राहिले.

हे आम्हांला आज जास्त टोचतं, कारण आपल्या आवडीचा सोबती शोधणं आता फार सोपं झालंय. बटण दाबलं की आपल्यासारखंच वाचणारे, आपल्यासारखंच बोलणारे दहा जण भेटतात. ते ‘वा वा’ म्हणतात आणि आपली चूक तशीच पुढे जाते. म्हणून आम्ही एक रीत पाळतो. कागदाचा फोटो पाठवताना मागची बाजूही पाठवायची, शिक्का असला तर तोही. आपलं वाचन लगेच सांगायचं नाही. आधी इतरांना वाचू द्यायचं. आणि आपल्याशी ज्याचं पटत नाही, अशा निदान एकाला तरी तो कागद दाखवायचा.

तंजावरच्या बाईंनी त्या दिवशी आमचं कौतुक केलं असतं, तर आम्हांला बरं वाटलं असतं. आणि ते पत्र आजही वीस वर्षं पुढे पडलेलं असतं.