तंजावरात घर कोठे घ्यावे?

तंजावरच्या मराठी माणसावर घरासाठी वस्ती निवडण्याचा प्रसंग फार उशिरा आला. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे राज्य स्थापिले, तेव्हापासून सुमारे १८० वर्षे ही निवड राजवाडाच करीत असे. चाकरी जेथे, घर तेथे. कारकून, शिलेदार, पुराणिक, कीर्तनकार हे सारे कोटाच्या आत, राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथींत आणि त्यांना मिळणाऱ्या बोळांत राहिले. शहाजीराजांनी १६९३ साली तिरुविशनल्लूर हे गाव ४६ विद्वानांस अग्रहार म्हणून दिले, तेव्हा त्या पंडितांनी तरी शेजार कोठे पारखला होता? शेजारासकट घर पदरात पडले!

कोटातील वास्तव्याचे सुख मात्र खरे होते. शेवप्प नायकाच्या तळ्याचे पाणी शिवगंगा तलावात येई व तेथून भूमिगत नळांनी आत खेळविलेले असे. पश्चिम राजवीथीत बंगारू कामाक्षीचे देऊळ, आणि प्रतापसिंह महाराजांचा मारुती हाकेच्या अंतरावर. १७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले आणि सरफोजीराजांकडे मुख्यतः कोटच उरला. तेव्हापासून आपल्या लोकांना कोट म्हणजेच राज्य वाटू लागले असावे.

१८५५ साली शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. राणी कामाक्षीबाईंचा दावा १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात बुडाला. घरे राहिली, पगार गेले. ज्यांना इंग्रजी येत होते ते मद्रास, म्हैसूर, त्रावणकोरकडे वळले, सर टी. माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशी तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. कोठे बिऱ्हाड करावे, हा प्रश्न या पिढीला प्रथमच स्वतः सोडवावा लागला. मागे राहिलेल्यांनी कोट सोडला नाही.

शहर वाढले ते दक्षिणेकडे. इंग्रज कलेक्टर पूर्वीच नैऋत्येच्या वल्लमच्या उंचवट्यावर राहावयास गेले होते. सखल भाताच्या शेतांपेक्षा ती कोरडी तांबडी जमीन त्यांना मानवली. पुढे १९३४ साली नवा कालवा, ज्याला लोक ‘पुदु आरु’ म्हणजे नवी नदी म्हणतात, पुरा झाला. मग वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ आले, आणि त्या रस्त्यांच्या दुतर्फा वसाहती उठल्या.

हा इतिहास आम्ही उगाळीत आहोत, त्याला कारण आहे. आमची अवघी नोकरी सरकारी निवासस्थानांत गेली. पन्नाशी उलटल्यावर पहिले घर घेण्याचा योग आता येत आहे. चिरंजीवांचे म्हणणे, कालव्यापलीकडे घ्यावे. मोटार दारात उभी राहील, पाण्याचा निचरा होईल, इस्पितळ जवळ. त्यात खोटे काही नाही. सौभाग्यवती मात्र कोटातील एका बोळावर अडून बसल्या आहेत. त्या बोळात अजून चार घरांच्या ओट्यांवर आपली तंजावरी मराठी ऐकू येते. नव्या वसाहतीत भिंतीला भिंत लागून मराठी घर मिळणे नाही, आणि नातवाने ती भाषा आमच्या दोघांखेरीज कोणाकडून ऐकावी?

कोटात घर घेणाऱ्याने दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात, हे आम्ही या खटपटीत शिकलो. जमीन खाजगी की देवस्थानाची, हे आधी तपासावे. येथील राजवाडा देवस्थानाकडे ८८ देवळे आहेत. आणि पत्त्यात ‘अलंगम’ हा शब्द दिसला तर मोजणीचा नकाशा मागावा. अलंगम म्हणजे तट. त्याच्या बाहेर खंदक होता.

आम्ही पाहिलेल्या घराच्या भिंतीला ओल आहे आणि जिना पडका आहे. बोज्याचा दाखला काढावयास दिला आहे. तो निर्वेध आला तर चिरंजीवांची मोटार राजवीथीच्या तोंडाशीच उभी राहील.