'व्यक्ती' म्हणजे कोण?

माझ्या आर्टिकल्सच्या छापील फॉर्मवर 'सन ऑफ' असे छापलेले होते. साल १९९४. फोर्टातल्या ज्या सॉलिसिटर फर्ममध्ये मी लागले, तिथल्या हेडक्लार्क काकांनी पेनात शाई भरली, 'सन' शब्द खोडला, वर 'डॉटर' लिहिले आणि शेजारी आद्याक्षरे घातली. मग अब्बांचे नाव नीट वळणदार अक्षरात भरले.

आर्टिकल्स म्हणजे तीन वर्षे एका सॉलिसिटरच्या हाताखाली राबायचे आणि मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची, ही मुंबईची जुनी रीत. पहिले वर्ष माझे हायकोर्टाच्या प्रोथोनोटरीच्या कार्यालयात कागद दाखल करण्यात आणि सब-रजिस्ट्रारकडे टायटलचा सर्च घेण्यात गेले. संध्याकाळी बाह्या धुळीने काळ्या झालेल्या असत. अशाच एका संध्याकाळी काका म्हणाले, "ताई, या धंद्यातला पहिला देशी माणूस तुमच्यातलाच होता, ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हते. बद्रुद्दीन तय्यबजी ठाऊक होते. मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर, काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती. त्यांनी स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामची तर मी विद्यार्थिनी. संस्थापकांमध्ये नाखुदा मोहम्मद अली रोघे हे आमच्यासारखे कोकणी मुसलमान होते, हे दाभोळची माझी नानी अभिमानाने सांगायची. पण बद्रुद्दीन यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय, हे मला त्या दिवशी कळले. धाकट्याला वकिलीची वाट दाखवली तीही त्यांनीच.

त्या रात्री घरी जाताना मी एकच विचार करत होते. दार १८५८ साली उघडले, तर आमच्या बायका एवढी वर्षे कुठे होत्या?

शिक्षणाला विरोध म्हणावा तर बद्रुद्दीन यांनी १९०४ साली आपल्या दोन मुली इंग्लंडमध्ये हॅसलमिअरच्या बोर्डिंग शाळेत धाडल्या होत्या. त्या मुलींपैकी एखादीला आपल्या कमरुद्दीन काकांसारखे सॉलिसिटर व्हावेसे वाटले असते, तर? उत्तर नऊ वर्षांनी लंडनच्या कोर्टानेच देऊन ठेवले. ग्विनेथ बेब नावाची, ऑक्सफर्डमध्ये कायद्यात पहिल्या वर्गात आलेली मुलगी १९१३ साली लॉ सोसायटीविरुद्ध कोर्टात गेली. १८४३ च्या सॉलिसिटर कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता. शिवाय पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात, असे त्याच कायद्यात लिहिलेले होते. तरी कोर्ट म्हणाले, आजवर कोणी बाई ॲटर्नी झालेली नाही, सबब या कामापुरती बाई 'व्यक्ती' नाही. मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्याचा मुलगा ज्या कायद्याखाली व्यक्ती ठरला, त्याच कायद्याखाली इंग्लंडमधलीच विदुषी व्यक्ती ठरली नाही. हा निकाल मी आजवर अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला संताप येतो. व्याख्येचे कलम समोर असताना रूढीचा आधार घेणे, हे मसुदे लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सहन होत नाही.

इकडे १९१६ साली कलकत्ता हायकोर्टाने वकील होऊ पाहणाऱ्या रेजिना गुहा यांना तेच ऐकवले. इंग्लंडचा कायदा १९१९ साली बदलला, १९२२ मध्ये कॅरी मॉरिसन तिथल्या पहिल्या स्त्री सॉलिसिटर झाल्या. हिंदुस्थानात १९२३ च्या कायद्याने बंदी उठली आणि मिठन टाटा या पारशी बॅरिस्टर मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. सुप्रीम कोर्टात पहिली स्त्री न्यायाधीश बसायला १९८९ उजाडले. त्या केरळच्या फातिमा बीवी. त्या वर्षी मी बारावीत होते. अब्बांनी वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पण कोर्ट वेगळे आणि कंपन्यांचे काम वेगळे. सॉलिसिटरचा धंदा अशिलांच्या ओळखींवर चालायचा. फर्म वडिलांकडून मुलाकडे जायची, अशीलही तसेच. १९९१ नंतर परकी भांडवल आले, भागीदारीचे करार, शेअर विक्री, विलीनीकरणे सुरू झाली, आणि एकाएकी कोणाचा मुलगा यापेक्षा रात्री दोन वाजता एकशे चाळीस पानी करारातली चूक कोण पकडतो याला किंमत आली. माझ्या मते आम्ही मुली आत शिरलो त्या याच फटीतून. एका फर्ममध्ये मुलाखतीत मला विचारले होते, "निकाह झाल्यावर रात्रीचं थांबू देतील का घरचे?" तिथे मी गेले नाही. जिथे गेले तिथे रमजानात माझ्या ड्रॉवरमध्ये खजूर असत आणि मगरिबला, रोजा सोडायच्या वेळी, कॉन्फरन्स कॉल पाच मिनिटे थांबे. ती पाच मिनिटे मी कधी मागितली नव्हती. पहिल्यांदा आमच्या सीनियरनीच घड्याळाकडे बघून फोनवर सांगितले, "थांबू या जरा."

२०१८ साली बातमी वाचली. फर्मिदा बी, पाकिस्तानात जन्मलेल्या, लहानपणी इंग्लंडला आलेल्या, सुकूक म्हणजे इस्लामी रोख्यांच्या कामात नावाजलेल्या वकील, लंडनच्या नॉर्टन रोज फुलब्राइटमध्ये युरोप, मध्यपूर्व आणि आशियाच्या चेअर झाल्या होत्या. मी तोवर आमच्या विलीनीकरणाच्या टीमची प्रमुख झाले होते. हातातले काम बाजूला ठेवून मी लालबागला काकांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती.

"लंडनलाच ना?" त्यांनी विचारले. "म्हणजे कमरुद्दीनसाहेबांनंतर किती झाली?"

"एकशे साठ वर्षं, काका."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंदा तुमच्याकडे आर्टिकल्सला मुली किती?"

"तीन."

"फॉर्म नवे छापून घेतलेत ना?"